आधी अंगण द्या, मग भांडा

बुद्धिबळात काळी मोहरी घेऊन बसलेला माणूस सुरुवातीला जे काही करतो त्याला 'बचाव' म्हणायची पद्धत आहे. ही पद्धत कोणी पाडली ते देव जाणे, पण पाडणारा पांढऱ्या बाजूचा असणार यात शंका नाही. सिसिलियन बचाव, फ्रेंच बचाव, डच बचाव अशी नावं एका दमात वाचली की वाटतं, अख्खा युरोप खंड दाराला आतून कडी लावून, कोपऱ्यात सोटा घेऊन बसला आहे. आपल्याही देशाच्या नावाने एक बचाव आहे. त्याला 'किंग्ज इंडियन' म्हणतात. हा बचाव खरोखरच बचाव आहे की उधारीवर केलेली मारामारी आहे, हा प्रश्न जगातल्या मोठमोठ्या ग्रँडमास्टरांना पडलेला आहे. आमच्या नांदगावात तो दोन माणसांना पडला आहे, आणि जगापेक्षा नांदगावातला वाद जास्त तिखट आहे.

पैकी एक आहेत आमचे मास्तर. हायस्कुलात गणित शिकवण्यात त्यांची हयात गेली. दुसरे गार्डसाहेब. रेल्वेतून रिटायर झाले, त्यालाही आता बरीच वर्षं झाली, पण अजून कुठेही निघाले की आधी मागे वळून बघतात. मास्तर 'नकार'वाले आणि गार्डसाहेब 'किंग्ज इंडियन'वाले. 'नकार' हे क्वीन्स गँबिट डिक्लाइन्ड या लांबलचक नावाचं मास्तरांनी केलेलं मराठी रूपांतर. पांढरा एक प्यादं पुढे करतो, 'घ्या' म्हणतो आणि आपण 'नको' म्हणतो. मास्तरांच्या एकंदर आयुष्याला हा बचाव इतका शोभून दिसतो की तो त्यांनीच शोधला असता तरी कोणाला नवल वाटलं नसतं.

माझं काम पंचाचं. मी या दोघांकडूनही नेमाने हरतो, त्यामुळे माझ्या निःपक्षपातीपणाबद्दल गावात दुमत नाही.

आता ज्यांचा बुद्धिबळाशी संबंध शाळेत असताना पावसाळ्याच्या सुटीपुरता होता, त्यांच्यासाठी हा किंग्ज इंडियन म्हणजे काय ते सांगून टाकतो. पांढरा वजिरापुढचं प्यादं दोन घरं सारतो. काळ्याने खरं म्हणजे समोर आपलं प्यादं ठोकून 'इथपर्यंतच हं' म्हणायला हवं. किंग्ज इंडियनवाला तसं करत नाही. तो राजाकडला घोडा बाहेर काढतो. पांढरा शेजारचं प्यादं दोन घरं सारतो. हा आपल्या घोड्यापुढचं प्यादं एकच घर सरकवतो आणि त्या फटीत उंट नेऊन बसवतो. पांढरा राजापुढचंही प्यादं दोन घरं पुढे घेतो. आता पटाच्या मध्यावर पांढऱ्याची तीन प्यादी छाती काढून उभी, आणि काळ्याने काय केलं? वजिरापुढचं प्यादं एक घर सरकवलं, किल्लेकोट करून राजा कोपऱ्यात नेला, आणि जणू आपल्याला या प्रकरणाची काही कल्पनाच नाही असा चेहरा करून बसला.

थोडक्यात म्हणजे, शेजाऱ्याने आपल्या अंगणात आधी सायकल लावली, मग बाज टाकली, मग पत्र्याची शेड उभी केली. आपण खिडकीत बसून चहा पीत पाहत राहिलो. शेडचा शेवटचा खिळा ठोकून झाल्यावर मात्र आपण बाहेर आलो आणि म्हणालो, "हं, आता बोला!" मग काळा राजापुढचं प्यादं दोन घरं सारतो आणि भांडणाला तोंड फुटतं.

मास्तरांचा आक्षेप इथूनच सुरू होतो. "अहो, अंगण आपलं होतं," ते म्हणतात, "आधी द्यायचं कशाला आणि मग भांडायचं कशाला?"

यावर गार्डसाहेबांचं उत्तर रेल्वेच्या भाषेत असतं. "मास्तर, मेल मागून येत असली की पॅसेंजर लूपवर घ्यावीच लागते. मेल जाऊ द्यायची. ती पुढे गेली म्हणजे लाइन आपली."

नांदगाव मुंबई-भुसावळ मार्गावर, मनमाडच्या पुढे. एकेकाळी वेरूळची लेणी बघायला निघालेले साहेबलोक इथे उतरत आणि पुढचा रस्ता धरत. आता मोठ्या गाड्यांपैकी बऱ्याचशा आमच्या फलाटाकडे ढुंकूनही न बघता धूळ उडवून जातात. तेव्हा लूप लाइनवर उभं राहून दुसऱ्याची गाडी जाताना पाहणं म्हणजे काय, हे इथल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. गार्डसाहेबांचा दृष्टांत त्यामुळे गावात चटकन पटतो. मास्तर मात्र गणिताचे. ते विचारतात, "आणि तुमच्या पॅसेंजरला सिग्नल मिळालाच नाही तर?"

हा प्रश्न किंग्ज इंडियनच्या टीकेचा गाभा आहे. पण तिकडे वळण्याआधी नावातल्या 'इंडियन'चा निकाल लावतो, कारण गार्डसाहेब अडचणीत आले की देशाभिमानाकडे वळतात.

आपल्या देशी बुद्धिबळात प्यादं पहिल्या खेळीलाही एकच घर चालत असे. किल्लेकोट नव्हता, त्याऐवजी राजाला एकदा घोड्यासारखी उडी मारायची मुभा होती. प्यादं एकेक घरच सरकणार म्हटल्यावर उंटाला वाट करून द्यायची तर घोड्यापुढचं प्यादं एक घर सारून त्याला कडेच्या गल्लीतून काढणं ओघानंच आलं. १८५० च्या सुमाराला कलकत्त्यात जॉन कॉक्रन नावाचा एक बॅरिस्टर होता. बुद्धिबळात तो युरोपातल्या नामांकितांपैकी एक. त्याला महेशचंद्र बॅनर्जी हा बंगाली ब्राह्मण भेटला. देशी पद्धतीत वाढलेला हा माणूस विलायती नियम शिकून त्याच्याशी पुष्कळ डाव खेळला. कॉक्रनने ते डाव लिहून ठेवले म्हणून आज आपल्याला दिसतात. त्यांत महेशबाबू मध्यावरची जागा खुशाल साहेबाला देतात, उंट कडेला बसवतात आणि मग त्या मध्यावर मारा करतात. त्या काळातल्या युरोपला हा खेळ म्हणजे निव्वळ अडाणीपणा वाटत असे. पुढे १९२० च्या दशकात रेती, निम्झोविच वगैरे मंडळींनी, मध्य प्याद्यांनी भरून टाकण्यापेक्षा लांबून मोहऱ्यांनी त्यावर दाब ठेवता येतो, असा सिद्धांत मांडला. तेव्हा त्याच अडाणीपणाला 'अत्याधुनिक' हे नाव मिळालं, आणि या जातीच्या बचावांना 'इंडियन' हे आडनाव चिकटलं. म्हणजे योगासनांसारखंच झालं. तिकडून परत आल्यावर आपल्याला किंमत कळली.

"तेव्हा मास्तर," गार्डसाहेब म्हणतात, "हा बचाव आपला आहे. तुमचा नकार परका."

"परका असेल, पण पक्का आहे," मास्तर म्हणतात. "१९२७ साली ब्यूनोस आयरिसला कापाब्लांका आणि अल्येखिन जगज्जेतेपदासाठी चौतीस डाव खेळले. त्यातले बत्तीस डाव या नकाराचे. जगातल्या सगळ्यात शहाण्या दोन माणसांना दोन-अडीच महिने दुसरं काही खेळावंसं वाटलं नाही!"

"दुसरं काही येत नसेल," गार्डसाहेब म्हणतात.

कापाब्लांका आणि अल्येखिन यांना काही येत नसेल असं म्हणणारा माणूस जगात दुसरा नसावा. पण तेही सोडा. मला पंच म्हणून दोन्ही बाजूंचे पुरावे तपासायचे आहेत.

मास्तरांचा पहिला पुरावा असा. किंग्ज इंडियनमध्ये ज्या उंटासाठी एवढा खटाटोप केला, घोड्यापुढचं प्यादं सरकवलं, राजाच्या दाराला भोक पाडलं, त्या उंटाचं पुढे होतं काय? काळा आपलंच प्यादं मध्यावर आणतो, पांढरा आपलं एक पुढे ढकलून मध्याची कोंडी करतो, आणि तो उंट आपल्याच प्याद्याच्या पाठीकडे बघत बसतो. मुलाला मुंबईत ब्लॉक घेऊन द्यावा, समुद्र दिसतो म्हणून जास्त पैसे मोजावेत, आणि वर्षभरात समोर आपल्याच पैशाने सोसायटीची पाण्याची टाकी उभी राहावी, त्यातला प्रकार. पुष्कळ डावांत हा उंट गुपचूप मागे पहिल्या रांगेत येतो आणि वजिरापुढच्या त्या दुबळ्या प्याद्याची राखण करत बसतो. एवढ्या थाटाने बाहेर पडलेल्या उंटाला शेवटी रखवालदाराची नोकरी!

आक्षेप खरा आहे. नाकारता येत नाही. पण गार्डसाहेबांचा उलटप्रश्नही तितकाच खरा आहे. "तुमच्या नकारात काय होतं? तिथे वजिराकडला उंट दुसऱ्या खेळीलाच स्वतःच्या प्याद्यामागे डांबला जातो. त्याला बाहेर कसं काढायचं यावर शंभर वर्षं विद्वान पुस्तकं लिहितायत!" हेही बरोबर आहे. मास्तर यावर नुसतं 'हं' म्हणतात. गणिताच्या माणसाचं 'हं' म्हणजे समीकरणाच्या दोन्ही बाजू सारख्या झाल्या असं समजावं. उंटाचा मुद्दा बरोबरीत.

दुसरा पुरावा जास्त गंभीर आहे. मध्याची कोंडी झाली की दोघांनीही आपापल्या बाजूने धाव घ्यायची असते. पांढरा वजिराकडच्या बाजूला प्यादी रेटतो, एक पट्टी मोकळी करतो आणि तिथून हत्ती आत घुसवतो. काळा राजाकडच्या बाजूला, आपल्याच राजापुढची प्यादी उचलून पांढऱ्याच्या राजावर सोडतो. घराचं दार काढून त्याचाच सोटा करायचा आणि शेजाऱ्याच्या डोक्यात घालायचा, असा हा पवित्रा. ही शर्यत असते, आणि पांढरा आधी निघालेला असल्यामुळे हिशेबाने तो एक-दोन पावलं पुढे असतो. "मग हा बचाव शहाण्याचा कसा?" मास्तर विचारतात.

इथे गार्डसाहेब पहिल्यांदा रेल्वे सोडून बुद्धिबळावर बोलतात. "शर्यत आहे खरी, पण बक्षिसं सारखी नाहीत. त्याला तिकडे पोचल्यावर काय मिळणार? दोन प्यादी. मला इकडे पोचल्यावर काय मिळणार? राजा. तो पहिला आला तरी दोन प्यादी खिशात घालून डाव चालू. मी दुसरा आलो तरी डाव संपला."

खरं सांगतो, किंग्ज इंडियनचं याहून चोख समर्थन मी वाचलेलं नाही. १९८९ साली तिलबुर्गला कास्पारोव काळ्या बाजूने पिकेटविरुद्ध नेमका असाच डाव जिंकला. पुढे २०१० साली तुर्कस्तानात बुर्सा इथे नाकामुराने गेल्फांडसारख्या मातबराला याच वाटेने लोळवलं. हे डाव पटावर मांडून पाहावेत. पांढरा एका बाजूला आपला हिशेब चोख करत बसलेला असतो, तिकडची व्यवस्था अगदी नीट लागत आलेली असते, आणि एवढ्यात दुसऱ्या बाजूला घरालाच आग लागते.

पण टीकाकाराने आवडते डाव दाखवून थांबू नये. त्याच कास्पारोवची पुढची हकिकत मास्तरांना पाठ आहे. १९९७ साली नोवगोरोदला क्रामनिकने त्याच्या किंग्ज इंडियनवर 'बेयोनेट' नावाची चढाई केली. बेयोनेट म्हणजे संगीन. यात पांढरा वेळ न दवडता वजिराकडलं घोड्याचं प्यादं दोन घरं भोसकतो, म्हणजे शर्यतीत निघण्याआधीच अर्धं अंतर कापतो. कास्पारोव हरला आणि त्यानंतर त्याने या बचावाची साथ सोडली. ज्या बचावाने त्याला एवढी वर्षं जेवू घातलं, त्याला त्याने एका संध्याकाळी नारळ दिला! मास्तर हा प्रसंग सांगताना आवाज खाली आणतात. "गार्डसाहेब, तुमच्या गाडीचा ड्रायव्हरच उतरून गेला."

गार्डसाहेब त्या दिवशी चहा अर्धा टाकून गेले होते, असं म्हणतात.

मी पंच म्हणून या मुद्द्यावर बराच विचार केला. आणि मला क्रामनिकचीच पुढची गोष्ट आठवली. तीनच वर्षांनी, २००० साली लंडनला हाच क्रामनिक कास्पारोवशी जगज्जेतेपदाचा सामना खेळला आणि काळ्या बाजूने त्याने 'बर्लिन' नावाचा एक जुनापुराणा बचाव माळ्यावरून काढला. एकोणिसाव्या शतकातला हा बचाव. रटाळ, बसका, आजोबांच्या काळातला म्हणून लोकांनी मोडीत काढलेला. कास्पारोवने डोकं आपटून पाहिलं, पण ती भिंत पडली नाही. सगळ्या सामन्यात त्याला एकही डाव जिंकता आला नाही आणि जगज्जेतेपद गेलं. लगेच दुसऱ्या दिवसापासून जग बर्लिन खेळू लागलं. आमच्या नाशिकच्या विदित गुजराथीने २०२४ साली टोरंटोच्या कँडिडेट्स स्पर्धेत नाकामुराला काळ्या मोहऱ्यांनी हरवलं, तेही बर्लिन बचावातूनच, आणि कसं, तर उंट देऊन राजाची तटबंदी फोडून! ज्या बचावाला रटाळ म्हणून माळ्यावर टाकलं होतं, त्यातून आमच्या जिल्ह्यातल्या मुलाने दारूगोळा काढला.

म्हणजे एकाच माणसाच्या हाताने एक बचाव मेला आणि दुसरा जिवंत झाला. खरं तर मेलेलाही मेला नाही, कारण नोवगोरोदनंतरही रादजाबोव, नाकामुरा ही मंडळी किंग्ज इंडियन खेळत राहिली आणि जिंकत राहिली. तेव्हा अमका बचाव पक्का, तमका कच्चा, हे निकाल मराठी नाटकाच्या समीक्षेसारखे असतात. परीक्षण छापून येईपर्यंत प्रयोग हाउसफुल्ल झालेला असतो.

हल्ली या वादात तिसरा पक्षकार आला आहे. त्याचं नाव मोबाईल. मास्तरांच्या नातवाने त्यांना बुद्धिबळाचं इंजिन घालून दिलं आहे. त्यात किंग्ज इंडियनची ती नेहमीची कोंडी मांडली की ते यंत्र क्षणभर विचार करतं आणि पांढऱ्याच्या पारड्यात अर्ध्या प्याद्याहून जास्त वजन टाकतं. मास्तर तो आकडा गार्डसाहेबांना दाखवतात, जसा डॉक्टर पेशंटला साखरेचा रिपोर्ट दाखवतो. गार्डसाहेब चष्मा न लावताच म्हणतात, "यंत्राला सांगा, नांदगावला येऊन खेळ म्हणावं."

हसण्यावारी नेण्यासारखं उत्तर नाही हे. यंत्राचा आकडा खरा आहे, पण तो कोणासाठी खरा आहे? पुढच्या वीस खेळ्या यंत्रासारख्या बिनचूक खेळणाऱ्यासाठी. ओट्यावरच्या डावात अर्ध्या प्याद्याचा फायदा साधारण मच्छर चावेपर्यंत टिकतो. त्यानंतर कोणीतरी हत्ती फुकट देतं.

एवढ्यावर हा वाद दोन म्हाताऱ्यांचा विरंगुळा म्हणून सोडून देता आला असता. पण गेल्या उन्हाळ्यात त्यात गार्डसाहेबांची नात आली. सहावीतली मुलगी. आजोबांनीच तिला पट शिकवला आणि शिकवला तो किंग्ज इंडियनसकट. पोर हुशार निघाली. तालुक्याला जिंकली, नाशिकला खेळायला गेली आणि तिथे काळ्या मोहऱ्यांनी बावीस खेळ्यांत हरून आली. वडिलांनी ऑनलाइन शिकवणी लावली होती. शिकवणाऱ्याने डाव पाहून सांगितलं, हा बचाव या वयात नको. मास्तरांनीही तेच सांगितलं, आणि या वेळी त्यांच्या आवाजात जिंकल्याचा आनंद नव्हता. पोरीचं भलं व्हावं एवढंच होतं. गार्डसाहेब काही बोलले नाहीत. माणूस स्वतःच्या मतासाठी वाट्टेल तेवढं भांडतो, पण नातवंडाचं नुकसान आपल्या मतामुळे होतंय असं कोणी म्हटलं की त्याची गाडी उभ्या जागी थांबते.

म्हणून मी तो बावीस खेळ्यांचा डाव मागून घेतला आणि मांडून पाहिला. टीकाकाराचं खरं काम असं एखाद्या हरलेल्या डावाशीच असतं. त्यात काय सापडलं? मुलीने पहिल्या सहा खेळ्या बहुधा दहा सेकंदांत केल्या असाव्यात. घोडा, प्यादं, उंट, प्यादं, किल्लेकोट. आरतीसारख्या. समोरची मुलगी काय करते आहे याकडे लक्षच नाही. आणि मग जिथे मध्यावर प्यादं ठोकून 'आता बोला' म्हणायचं, ती खेळी तिने केलीच नाही. एक तयारीची खेळी, मग आणखी एक तयारीची खेळी. तोवर पांढऱ्याने राजापुढचं प्यादं एक घर पुढे रेटलं, तिचा घोडा हाकलला आणि पत्र्याची शेड थेट तिच्या माजघरात आली. शेवटपर्यंत पॅसेंजर लूपवरच उभी.

तेव्हा किंग्ज इंडियनवरचा माझा खरा आक्षेप असा आहे. तो कच्चा आहे म्हणून तो लोकप्रिय झालेला नाही, तसाच तो पक्का आहे म्हणूनही झालेला नाही. तो पाठ करायला सोपा आहे. पांढरा काहीही खेळो, आपल्या पहिल्या पाच-सहा खेळ्या त्याच. शिकवणाऱ्याला बरं, शिकणाऱ्याला बरं. पण या बचावाचा जीव त्या पाच-सहा खेळ्यांत नाहीच. तो सातव्या-आठव्या खेळीत आहे, जेव्हा दिलेलं अंगण परत मागायचं असतं. देणं हा त्यातला सोपा भाग आहे आणि आपल्या लोकांना तो उपजत येतो. "राहू द्या हो, कशाला वाईटपणा घ्या," हे आपण किती गोडीनं म्हणतो! पण परत मागायची वेळ आली की आणखी एक तयारीची खेळी करतो. महेशबाबू तसे नव्हते. साहेबाला मध्य देऊन ते नमस्कार करून घरी गेले नाहीत. योग्य वेळी त्यांनी मारा केला, म्हणून तर त्या डावांची आठवण पावणेदोनशे वर्षांनी काढायची.

हे सगळं मी मुलीला सांगितलं नाही. सहावीतल्या मुलीला असं व्याख्यान देणं म्हणजे दुसरी हार. मी फक्त विचारलं, "इथे हे प्यादं मारायचं राहिलं का गं?"

ती पटाकडे बघत म्हणाली, "काका, मला वाटलं अजून वेळ आहे."

मध्यंतरी दोन महिने तिला 'नकार' शिकवून झाला. मास्तरांनी स्वतः शिकवला, मन लावून. ती नकाराने फारशी हरत नसे. बरोबरी करायची. बरोबरी झाली की मोहरे डब्यात भरायची, झाकण लावायची आणि खेळायला पळायची. किंग्ज इंडियनने हरली की मात्र डब्याला हात लावत नसे. सगळी मोहरी पुन्हा मांडून, "आजोबा, इथपासून परत," म्हणून बसायची. हे माझ्याआधी मास्तरांच्याच लक्षात आलं. शाळेत चाळीस वर्षं काढलेल्या माणसाला, कोणतं पोरगं गणित सोडवतं आणि कोणतं उरकतं, हे कळल्याशिवाय राहत नाही.

एके संध्याकाळी त्यांनी मोबाईल खिशात घातला आणि गार्डसाहेबांना म्हणाले, "बचाव कच्चाच आहे तुमचा. माझं मत बदललेलं नाही. पण पोरीला तो खेळू द्या. फक्त वजिराचं प्यादं सरकवलं की पुढे घड्याळ बघायला शिकवा."

"ते तुम्ही शिकवा," गार्डसाहेब म्हणाले. "माझी गाडी आयुष्यभर लेटच होती."

वाचकहो, एवढं झाल्यावर पंचाने निकाल द्यायला हवा. देतो. किंग्ज इंडियन शंभर टक्के निर्दोष नाही. समोर क्रामनिक असेल आणि त्याच्या हातात संगीन असेल तर खेळू नये. यंत्राशी खेळू नये. पांढऱ्याने वजिरावजिरी करून डाव लवकर थंड केला तर चिडू नये. लग्नाच्या पंगतीची भूक घेऊन गेल्यावर चहा-पोह्यांवर बोळवण झाल्यासारखं वाटतं खरं, पण त्या चहा-पोह्यांत काळ्याचं काही वाईट नसतं. हुकमी बरोबरी हवी असेल तर मास्तरांकडे जावं. पण ज्याला हरल्यावर मोहरी पुन्हा मांडाविशी वाटतात, त्याला हा बचाव मनाई करू नये. बुद्धिबळ शिकण्याचा याहून चांगला मार्ग मला माहीत नाही, आणि मला माहीत असलेले सगळे मार्ग मी हरून तपासलेले आहेत.

मुलगी पुढच्या महिन्यात पुन्हा नाशिकला खेळायला जाते आहे. बरोबर कोणी जायचं यावर सध्या नवा वाद चालू आहे. दोघांनीही तिकिटं काढून ठेवली आहेत. पॅसेंजरचीच.